गल्फला निघण्याआधी: भारत-अमिरात करार, मानवी तस्करी आणि कोकणातल्या घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडणगड, खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन. या पट्ट्यात ज्या गावातलं कोणीच गल्फला नाही, असं गाव शोधावं लागेल. घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, सगळं तिकडच्या पगारावर झालं. त्यामुळे परदेशी जाणं ही इथे बातमी नाही. पण एजंटांची पद्धत बदलली आहे. मोबाईलवर ऑफर लेटर येतं, चार दिवसांत व्हिजिट व्हिसा येतो, आणि पोचल्यावर सांगितलेलं काम नसतंच. अशा घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरण मुख्यतः संयुक्त अरब अमिरातीचं घेतलं आहे, कारण दुबई, शारजा, अबुधाबी हीच नावं सगळ्यात जास्त कानावर येतात.

भारत आणि अमिरात यांच्यात नेमका कोणता करार आहे?

एक नाही, तीन वेगवेगळे धागे आहेत. कामगार पाठवण्या-घेण्याबद्दलचा सामंजस्य करार डिसेंबर २००६ चा, पुढे तो सुधारला गेला. मानवी तस्करी रोखण्याचा करार २५ जानेवारी २०१७ रोजी दिल्लीत झाला. अबुधाबीचे युवराज त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते, त्या भेटीत त्यावर सह्या झाल्या. आणि गुन्हेगार एकमेकांच्या ताब्यात देण्याचा प्रत्यार्पण करार त्याआधीच, १९९९ साली झालेला आहे.

तस्करीविरोधी करारात दोन्ही बाजूंनी काही गोष्टी कबूल केल्या आहेत. पोलिसांनी एकमेकांना माहिती द्यायची, टोळ्यांचा तपास आणि खटले लवकर चालवायचे, सुटका झालेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर मायदेशी पाठवायचं आणि मायदेशाने त्याला पुन्हा उभं करायचं. या सगळ्यावर देखरेखीसाठी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांचा संयुक्त कृती गट ठेवायचा. बायका आणि मुलांचा त्यात खास उल्लेख आहे.

मानवी तस्करी म्हणजे बायका-मुलींना विकणं ना? माझा मुलगा तर स्वतःच्या पायाने गेला.

हा समज खोलवर बसला आहे आणि त्यापायी कितीतरी तक्रारी नोंदच होत नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ बघा. शोषणासाठी माणसाला भरती करणं, नेणं, ठेवणं, सोपवणं किंवा ताब्यात घेणं, आणि ते धाकाने, फसवणुकीने, पैशाच्या आमिषाने किंवा अधिकाराचा गैरवापर करून करणं, म्हणजे तस्करी. त्यात पुरुषही येतो. वेठबिगारीसारखं काम करून घेणंही येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाने आधी ‘हो’ म्हटलं होतं का, हे कायदा गैरलागू मानतो. शिक्षा किमान सात वर्षं. मूल असेल तर किमान दहा.

याच अर्थाचा संयुक्त राष्ट्रांचा प्रोटोकॉल २००० सालचा आहे, भारताने तो २०११ मध्ये मान्य केला. अमिरातीचा तस्करीविरोधी कायदा २००६ चा, आणि २०२३ मध्ये त्यांनी नवा केला. म्हणजे दोन्ही देश मुळात एकाच व्याख्येवर उभे आहेत, म्हणूनच करार होऊ शकला.

मात्र पगार कमी निघाला किंवा ओव्हरटाइम बुडवला, एवढ्यावर तस्करी होत नाही. ती कामगार तक्रार, आणि तिची दाद अमिरातीच्या कामगार मंत्रालयाकडे मागायची. पासपोर्ट काढून घेतला, खोलीबाहेर जाऊ देत नाहीत, ‘व्हिशाचे पैसे फेड मग जा’ म्हणतात, मारहाण करतात, अशा खुणा दिसल्या की प्रकरण वेगळं.

आणि जो व्हिसा संपल्यावर तिकडेच राहिला, तो गुन्हेगार की पीडित?

मुदत संपल्यावर राहणं हा तिथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्याचा भंग आहे, त्याला दंड लागतो. अशांना गल्फमध्ये ‘खल्ली-वल्ली’ म्हणतात. पण त्याला कोणीतरी फसवून, अडकवून तसं ठेवलं असेल तर तो आधी पीडित आहे. अडचण अशी, की पहिल्या चौकशीत अधिकाऱ्याला फक्त संपलेला व्हिसा दिसतो. फसवणूक दाखवायला कागद लागतो, मेसेज लागतो, पैसे पाठवल्याची नोंद लागते. अमिरातीने २०२४ मध्ये १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी माफीची मुदत दिली होती, त्यात अनेकांना दंडाशिवाय परतता आलं. अशी मुदत दर वर्षी नसते, तिच्या भरवशावर थांबू नये.

एवढे करार आहेत तर माणसं अडकतात कशी?

कारण दोन सरकारांचं सहकार्य ज्याचं नाव दोन्हीकडे लिहिलेलं आहे, त्याच्यापर्यंतच सहज पोचतं.

सरळ मार्ग असा: तिकडची कंपनी भारत सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीवर नोंदते, किती माणसं हवीत आणि पगार काय ते मांडते, नोंदणीकृत एजंट इथून भरती करतो. तिकडे कामगार मंत्रालय वर्क परमिट देतं. ऑफर आणि करारपत्र अरबी, इंग्रजी आणि कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेत असतं. त्या यादीत हिंदी आणि उर्दू आहेत. मराठी नाही, म्हणून हिंदी प्रत मागून घ्यावी. या वाटेने गेलेल्या मुलाचं नाव, कंपनी, पगार, सगळं इथेही आहे आणि तिथेही. पगार थकला तर बँकेतल्या नोंदीवरून कळतं, कारण अमिरातीत २००९ पासून पगार सरकारच्या देखरेखीखालच्या प्रणालीतून जातो.

आता दुसरी वाट. मुंबईहून व्हिजिट व्हिशावर दुबई. विमानतळावर विचारलं तर ‘फिरायला चाललोय’ सांग, असं एजंट शिकवतो. भारताच्या दफ्तरी तो पर्यटक आणि अमिरातीच्याही दफ्तरी पर्यटकच. त्याला कामावर ठेवणारी कंपनी कुठे नोंदलेलीच नाही. व्हिजिट व्हिशावर माणूस कामाला लावला तर २०२४ पासून तिकडच्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहॅम दंड आहे. तरीही हे चालतं, कारण बांधकामावर, गोदामात, हॉटेलच्या मागच्या दाराने तो मुलगा कोणाला दिसत नाही. विमानतळावर तो जे खोटं बोलला, तेच पुढे त्याच्या तक्रारीच्या आड येतं. हे खोटं त्याला शिकवणारा माणूस मात्र इथे आपल्या बाजारपेठेत राजरोस फिरत असतो, आणि याचं दुःख वाटतं.

माझ्या मुलाच्या पासपोर्टवर ईसीआर नाही. म्हणजे त्याला इमिग्रेशनची परवानगी लागत नाही. बरंच झालं ना?

सोय झाली, पण एक आधारही गेला.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली (उत्प्रवास म्हणजे कामासाठी परदेशी जाणं) दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ अशी नोंद असते. त्यांना गल्फसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीत कंपनी, करार, विमा तपासला जातो. दहावी पास झालेल्याला ही अट नाही. आता आपल्याकडचं चित्र बघा. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ सातत्याने राज्यात पहिलं येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरं जवळजवळ सगळी दहावी झालेली. म्हणजे आपली पोरं त्या तपासणीच्या दारातून जातच नाहीत. शिकलेला आहे, स्वतःचं बघेल, असं कायद्याने गृहीत धरलं आहे. पण वेल्डिंगच्या कामाला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला अरबी करारातलं काय कळणार? म्हणून ईसीआर नसलेल्या मुलाच्या घरच्यांनी ही तपासणी स्वतः करायची. एजंटचा परवाना बघायचा, वर्क परमिटवर निघालाय की व्हिजिटवर ते बघायचं, आणि ई-मायग्रेटवर स्वेच्छेने नोंद होत असेल तर ती करायची.

एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

परवाना भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा असतो. ग्रामपंचायतीचा दाखला, दुकानाचा गुमास्ता, जीएसटी नंबर, यातलं काहीही त्याची जागा घेत नाही. परवान्याचा क्रमांक घ्या आणि ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. परवाना चालू आहे का, पत्ता तोच आहे का. बेकायदा एजंटांची यादीही सरकार प्रसिद्ध करतं. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दीड लाख, दोन लाख हे आकडे कानावर आले की तिथेच थांबा. अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आपल्याकडे माणूस परवाना का बघत नाही? कारण एजंट परका नसतो. तो मामेभाऊ असतो, वाडीतला असतो, मशिदीच्या जमातीतला किंवा गणपतीच्या मंडळातला असतो, ‘आपला माणूस आहे, बुडवणार नाही’ या शब्दावर सोनं गहाण पडतं. आणि पुष्कळदा तो स्वतःही फसवणारा नसतो. मुंबईतल्या कोणाला तरी माणसं पुरवून माणशी काही हजार मिळवणारा मधला दुवा असतो, आणि पुढे काय होतं ते त्याने पाहिलेलंच नसतं. कायदा अशा सब-एजंटला ओळखत नाही. परवाना नसताना भरती करणं हाच गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. नात्याचा मान राखायचा तर राखा, पण पैसे परवानाधारकाच्या बँक खात्यावरच जाऊ देत. जो खरंच आपला आहे तो यावर रागावणार नाही.

‘फ्री व्हिसा’, ‘आझाद व्हिसा’ म्हणजे काय?

असा व्हिसा कायद्यात अस्तित्वात नाही. कागदावर एका मालकाचं नाव आणि काम दुसऱ्याकडे, असा तो प्रकार आहे. तपासणीत सापडला की शिक्षा कामगारालाही होते.

निघण्याआधी घरात कोणते कागद ठेवायचे?

पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, व्हिसा किंवा एंट्री परमिट, ऑफर लेटर, एजंटची पावती, तिकीट, तिकडच्या कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता. फोटो नको, झेरॉक्स ठेवा, मोबाईल हरवतो. एजंटबरोबरचे व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका.

ईसीआर पासपोर्टवाल्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख मिळतात. पॉलिसीचा कागद बायकोच्या किंवा आईच्या हाती द्या. तो तिकडे बॅगेत राहिला तर घरच्यांना विमा होता हेच कळत नाही.

मुलाचा फोन आला: पासपोर्ट काढून घेतलाय, काम वेगळंच आहे, परत येऊ देत नाहीत. गावातून काय करायचं?

पहिल्या तासात एजंटच्या घरी भांडायला जाऊ नका. तो तिकडे फोन करतो आणि मुलाचा मोबाईल जातो. आधी मुलाकडून जागा घ्या. लोकेशन पाठवता आलं तर उत्तम, नाहीतर इमारतीची पाटी, दुकानाचं नाव, गाडीचा नंबर, जे दिसेल ते. बरोबर किती जण आहेत आणि कुठले, तेही विचारा. एकट्याच्या तक्रारीपेक्षा सहा जणांच्या एकत्र तक्रारीकडे लवकर लक्ष जातं.

मग परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. गावात जमत नसेल तर शहरात शिकणाऱ्या भाचीकडून भरून घ्या, पण तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढचा सगळा पाठपुरावा त्यावर चालतो. भारतातून १८००-११-३०९० हा टोल-फ्री क्रमांक आहे. मुलाला अमिरातीत फोन करता येत असेल तर दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा ८००-४६३४२ द्या, तोही मोफत. अबुधाबी अमिरातीत असेल तर भारतीय दूतावास, दुबई-शारजा आणि उत्तरेकडच्या अमिरातींत असेल तर दुबईचा वाणिज्य दूतावास.

मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं अमिरातीत बेकायदा आहे. तो मिळालाच नाही तर दूतावास प्रवासासाठी तात्पुरता दाखला देतो. तिकिटाला पैसे नसतील, राहायला जागा नसेल, तर दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. २००९ पासून आहे आणि गरजूंसाठीच आहे. मागायला संकोच करू नका, ती भीक नाही.

सुटकेचे म्हणून एजंटला आणखी पैसे पाठवू नका. एकदा पाठवले की पुन्हा मागणी येतेच.

पोलीस म्हणतात, गुन्हा दुबईत झाला, तिकडे जा. बरोबर आहे का?

नाही. फसवून भरती इथे झाली, पैसे इथे दिले. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा प्रश्न न काढता गुन्हा नोंदवावा लागतो, मग तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. फिर्यादीत तीन गोष्टी स्पष्ट लिहा: फसवणूक, विनापरवाना भरती (उत्प्रवास कायद्याची कलमं १० आणि २४) आणि खुणा असतील तर तस्करी. जिल्हा पोलिसांकडे अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, तिथेही अर्जाची प्रत द्या.

एक बारकावा फार कमी लोकांना माहीत आहे. उत्प्रवास कायद्याखाली खटल्याला एरवी केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. पण तक्रार स्वतः फसलेल्या माणसाने, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, नवरा, बायको, मुलं, भाऊ, बहीण यांनी केली तर ती संमती लागत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या किंवा पुढाऱ्याच्या नावाने अर्ज देऊ नका. आईच्या नावाने द्या.

आणि हो, गुन्हा इथे नोंदला गेला तरच दोन देशांच्या पोलिसांना एकमेकांना सांगण्यासारखं काही असतं.

बहिणीला घरकामासाठी कुवेत किंवा ओमानला बोलावलंय. जाऊ द्यावं का?

ईसीआर पासपोर्टच्या बाईला या १८ देशांत नोकरीला जायला वय ३० पूर्ण लागतं, आणि घरकामाची भरती सरकारी भरती संस्थांमार्फतच होते. खासगी एजंट ‘व्हिजिटवर नेतो, तिकडे बदलून देतो’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. घराच्या चार भिंतींत काय चाललंय ते बाहेर कोणाला दिसत नाही, म्हणून हे नियम कडक आहेत.

थायलंडला डेटा एन्ट्रीची नोकरी, पगार ऐंशी हजार. ही पण तस्करी असू शकते?

असू शकते, आणि ही गल्फपेक्षा भयंकर आहे. बँकॉकला उतरवून मुलांना रस्त्याने सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेतात आणि बंद आवारात ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडच्या माए सोतमार्गे परत आणलं.

भारत आणि म्यानमार यांच्यातही तस्करीविरोधी करार आहे, फेब्रुवारी २०२० चा. पण वर्षभरात तिथे लष्करी उठाव झाला, आणि म्यावाडीच्या आसपास तर सशस्त्र गटांचंच चालतं. म्हणून माणसं आणायला वाट थायलंडमधून काढावी लागली. ज्या मातीवर सही करणाऱ्या सरकारचा शिपाई पोचत नाही, तिथे त्या सहीचा उपयोग तेवढाच.

बोटीवर जाणाऱ्यांना हेच नियम लागू आहेत का?

व्यापारी जहाजांची भरती वेगळ्या नियमांत येते. तिथे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना (जहाजांवर माणसं भरती करण्याचा) बघायचा आणि हातात सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक हवं. परवाना नसलेल्या कंपनीच्या शब्दावर परदेशातल्या बंदरात जाऊन जहाजाची वाट बघू नये.

आपल्याकडे नेपाळी लोक कामाला येतात, त्यांचं काय?

हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. विचारायला हवा.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की मिरकरवाडा, हर्णै, नाटे इथल्या बोटींवर नेपाळी खलाशी दिसतात. दिवाळीनंतर आंब्याच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी कुटुंबं येतात, मे संपला की जातात. हापूसची पेटी आणि कोळंबीचा ट्रे त्यांच्या हातातून बाजारात जातो. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० चा शांतता आणि मैत्री करार आहे. त्याने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, कामधंद्याची मोकळीक दिली. १,७५१ किलोमीटरची सीमा उघडी आहे, पहारा सशस्त्र सीमा बलाचा, पण पासपोर्ट-व्हिसा लागत नाही.

ही मोकळीक गरिबाला फार मोठा आधार आहे, ती जावी असं कोणी म्हणू नये. पण तिचीच दुसरी बाजू अशी की या माणसाची नोंद कुठेच होत नाही. त्याला करारपत्र नाही, विमा नाही, मंजुरी नाही. गावातून त्याला आणणारा मुकादम उचल देतो आणि ती फेडेपर्यंत माणूस बांधलेला. दुबईतल्या आपल्या मुलाची जी अवस्था आपण वर वाचली, तिच्याशी हे ताडून पाहावं. दक्षिण आशियाई देशांच्या ‘सार्क’ संघटनेचा २००२ चा तस्करीविरोधी करार आहे, पण तो वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या बायका-मुलांच्या तस्करीपुरता. बागेतला गडी किंवा नावेवरचा खलाशी त्यात बसत नाही.

बहुतेक बागायतदार आणि नौकामालक आपल्या माणसांना नीट वागवतात, वर्षानुवर्षं तीच कुटुंबं परत येतात. त्यांनी एवढं करावं: प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी, मजुरी आणि उचल दोन प्रतींत लिहून एक त्याच्या हाती ठेवावी, गावाकडचा एक फोन नंबर घ्यावा. समुद्रात अपघात झाला तर कळवायचं कोणाला, हे तरी माहीत असेल.

मुकादमाने किंवा मालकाने त्यांचे कागद ठेवून घेतले, किंवा उचल फिटल्याशिवाय जाऊ देत नाही असं दिसलं तर?

तसं अडवून ठेवणं ही वेठबिगारी आहे, माणूस नेपाळचा असला तरी. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्ज आपोआप रद्द होतं. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायची. सुटका झाल्यावर मुक्ततेचा दाखला द्यायला सांगायचं, कारण त्या दाखल्याशिवाय पुनर्वसनाची मदत मिळत नाही. धोका तातडीचा असेल तर ११२. मुलं कामाला लावलेली दिसली तर १०९८. फोन करणाऱ्याने नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.